आमची वाटचाल : आधी मोजमाप, मग यंत्र

रबाळे औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या गाळ्यात आमच्या फर्मची सुरुवात झाली, ती सांडपाणी प्रकल्पांच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर आणि तिचे बारीक बुडबुडे करणारे डिफ्यूझर दुरुस्त करण्यापासून. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर गृहसंकुले उभी राहत होती आणि त्यांचे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे एसटीपीही बसत होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मात्र दुरुस्त केलेला ब्लोअर सुरळीत चालत असतानाही बाहेर पडणारे पाणी गढूळच राहते, हे वारंवार दिसू लागले, तेव्हा यंत्राऐवजी टाकीतल्या जिवाणूंची प्रकृती तपासण्याकडे आम्ही वळलो.

1914 मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळ प्रक्रियेचे सूत्र आजही तेच आहे : हवा द्यायची, जिवाणूंना घाण खाऊ द्यायची आणि खाली बसलेला गाळ बऱ्याच अंशी टाकीत परत आणायचा. गाळ बसला नाही तर पुढचे सारेच बिघडते, म्हणून आमची पहिली चाचणी एक लिटरच्या मोजपात्रात होते. अर्ध्या तासात गाळ 300 मिलिलिटरच्या रेघेवर आला आणि एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यात तरंगणारा घन गाळ, लिटरला 3000 मिलिग्रॅम असेल, तर गाळाचा निर्देशांक (एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा व्यापतो तो आकडा) 100 येतो, म्हणजे प्रकृती ठीक. तो 150 च्या पुढे गेला की सूक्ष्मदर्शकाखाली गाळाला खाली बसू न देणारे तंतुमय जिवाणू शोधायचे.

पण मोजपात्र तेवढ्यात रिकामे करू नये, असे आम्ही नव्या मुलांना बजावतो. अर्ध्या तासात छान बसलेला गाळ पुढे तासाभराने बुडबुड्यांसह गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वर येऊ लागला, तर दोष बसण्याचा नसतो; तळाशी ऑक्सिजन संपल्यावर नायट्रेटपासून सुटणारा नायट्रोजन वायू त्याला उचलत असतो. अशा वेळी परतीच्या गाळाचा वेग वाढवावा लागतो आणि जुना गाळ काढून टाकावा लागतो. तंतुमय जिवाणू माजले असतील, तर आधी ऑक्सिजन आणि बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप), नत्र, स्फुरद यांचे 100:5:1 हे प्रमाण तपासावे लागते. घरगुती सांडपाण्यात नत्र मुळातच भरपूर असते, तरीही टाकीत युरिया आणि गूळ ओतणारे ऑपरेटर आम्हाला अजून भेटतात.

मोजमापाचे वेगळे पैसे द्यायला सुरुवातीला कोणी राजी नसे. ‘नुसतं पाणी बघायचे पैसे कसले, साहेब?’ असे एका सोसायटीच्या सचिवांनी आम्हाला तोंडावर विचारले होते. त्यांना पटले ते वीजबिल. अशा प्रकल्पात विजेचा निम्मा किंवा त्याहून अधिक खर्च बहुधा हवा देण्यावरच होतो; टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास असला की सहसा भागते, त्यापुढची हवा म्हणजे पैशांचा धूर. निम्मी घरे रिकामी असलेल्या संकुलात पूर्ण क्षमतेचा ब्लोअर दिवसरात्र फिरताना पाहिला, की आम्ही त्याचा वेग नियंत्रित करायला सुचवतो.

अहवालात ज्या यंत्राची शिफारस करतो, ते त्याच ग्राहकाला विकायचे नाही, अशी अट आम्ही स्वतःच आता करारात घालतो. दुरुस्ती-विक्रीच्या धंद्याला त्याची झळ बसली आणि ती आम्ही जाणूनबुजून पत्करली.