केनेटकाठचा जानेवारी: थंड पाण्यातला चब आणि त्यासाठीचे साहित्य

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेआठला मी इंग्लंडमध्ये रेडिंग आणि न्यूबरीच्या दरम्यान केनेट नदीच्या काठावर पोहोचलो, तेव्हा गवतावरचे दहिवर गोठून पांढरे झाले होते. काठी पिशवीतून काढण्यापूर्वी दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला. हवा शून्याखाली २ अंश होती, पाणी मात्र ६ अंश. हिवाळ्यात कोणती काठी जोडायची, दोरा किती जाड घ्यायचा आणि कोणत्या माशाच्या मागे लागायचे, हे मी या आकड्यावरून आणि प्रवाहाच्या वेगावरून ठरवतो. बार्बल आणि चब हे दोन्ही इथले नदीतले मासे. पाणी ८ अंशांच्या खाली गेले की बार्बल सहसा सुस्तावतो, पण चब ४ अंशांच्या पाण्यातही खातो. म्हणून बार्बलसाठी आणलेली जड काठी त्या दिवशी पिशवीतच राहिली.

केनेट मार्लबरोकडच्या खडूच्या टेकड्यांतून येते आणि रेडिंगला थेम्सला मिळते. खडूच्या थरांत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे बारा महिने साधारण १० ते ११ अंशांचे निघते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ही नदी इतर नद्यांइतकी गारठत नाही. न्यूबरीच्या खाली मात्र १८१० साली पूर्ण झालेला केनेट-एव्हन कालवा तिच्यात ठिकठिकाणी मिसळतो आणि पाणी थोडे गढुळते. हिवाळी गरवण्यासाठी हा किंचित गढूळपणा मला उपयोगाचाच वाटतो, कारण नितळ पाण्यात चब फार बुजतो.

इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळाने धरण्याला कोर्स फिशिंग म्हणतात. चब, डेस, रोच आणि बार्बल हे आपल्या रोहू, कटला आणि महसीर यांचे भाऊबंद आहेत. १३ वर्षे आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो आणि त्याशिवाय त्या काठाची मालकी असलेल्या क्लबचे किंवा शेतकऱ्याचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, म्हणून हिवाळा हा हंगामाचा शेवटचा टप्पा ठरतो.

सकाळचे दोन तास मी तरंगा वाहवत डेस गरवले. यासाठी १३ फुटी हलकी काठी, ३ पौंड ताकदीचा मुख्य दोरा, त्याला त्याहून बारीक असा गळाकडचा तुकडा आणि १८ क्रमांकाचा गळ असे साहित्य होते. (गळाचा क्रमांक वाढतो तसा त्याचा आकार लहान होतो, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.) शेवटचा तुकडा बारीक ठेवल्यामुळे गळ मुळीत अडकला तर तेवढाच तुटतो, तरंगा वाचतो. वजनाच्या बारीक गोळ्या एकाच जागी न लावता शर्टाच्या गुंड्यांसारख्या सारख्या अंतरावर लावल्या, म्हणजे आमिष प्रवाहाबरोबर सावकाश खाली उतरते. आमिष म्हणून गळाला एकच अळी लावली होती आणि प्रत्येक फेकीबरोबर पाच-सहा अळ्या पाण्यात सोडत होतो. थंडीत याहून जास्त दिल्यास माशांचे पोट भरते आणि गळ तसाच राहतो. तळहाताएवढे नऊ डेस मिळाले. काठीच्या कड्यांत दर दहा मिनिटांनी बर्फ धरत होते. टोक क्षणभर पाण्यात बुडवले की ते सुटते, आणि घरूनच कड्यांना व्हॅसलीन लावून नेले तर बराच वेळ धरत नाही.

दुपारी चबसाठी सगळे बदलले. ११ फुटी काठी, तिला अगदी नाजूक हलणारा शेंडा, ६ पौंडांचा दोरा आणि ८ क्रमांकाचा गळ. पाण्यावर झुकलेल्या विलोच्या फांद्यांखाली चब दडून बसतो आणि गळ लागताच मुळांकडे धाव घेतो, म्हणून येथे बारीक दोरा वापरणे माशावर अन्याय करणारे आहे. तुटलेला दोरा तोंडात घेऊन तो फिरत राहतो. वजन मात्र तळाला जेमतेम टिकेल इतकेच ठेवावे. मी दुमडलेल्या दोऱ्याच्या छोट्या फासावर एसएसजी मापाच्या दोन गोळ्या चिमटल्या. प्रवाह वाढला तर तिसरी लावता येते आणि अडकल्यास गोळ्या निसटून गळ परत येतो. हंसांच्या जिवासाठी १९८७ पासून येथे २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, केवळ अगदी बारीक गोळ्यांना सूट आहे, तेव्हा भारतातून आणलेले शिसे वापरू नये.

लहानपणी वाशिष्ठीच्या खाडीत लाकडाला गुंडाळलेली तंगूस बोटावर धरून आम्ही गरवायचो, आणि माशाची पहिली टोच बोटालाच कळायची. येथे ते काम काठीचा शेंडा करतो, पण मी अजूनही दोरा बोटावर धरतो, कारण थंडीत चबची ओढ कित्येकदा शेंडा हलण्याआधी बोटाला जाणवते.

आमिष पावाचे होते. पांढऱ्या पावाचा मऊ गर गळाच्या दांडीवर दाबून बसवावा आणि गळाचे टोक मोकळे ठेवावे. चीजचा गोळाही चालतो, पण तो थंड पाण्यात दगडासारखा घट्ट होतो. मळताना पावाचा चुरा आणि थोडे खाद्यतेल घातले तर मऊ राहतो. मी चार ठिकाणी लिंबाएवढा ओल्या चुऱ्याचा गोळा टाकला आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटांपेक्षा अधिक बसलो नाही. हिवाळ्यात मासा आमिषाकडे येत नाही, आपणच त्याच्याकडे जावे लागते. उन्हाळ्यात आमिष कुरतडून फस्त करणारे अमेरिकन सिग्नल क्रेफिश थंडीत बिळांत गप्प असतात, हा या ऋतूचा मोठा फायदा आहे.

हिवाळ्यात गरवायला जाणाऱ्यांनी आदल्या रात्री सरकारी संकेतस्थळावर नदीची पातळी पाहावी. बर्फ वितळून पाणी चढत असेल तर घरी थांबावे. पाऊस होऊन दोन दिवस उबदार गेले असतील आणि पातळी उतरत असेल तर नक्की निघावे. कार्बनच्या काठ्या विजेच्या वाहक असतात, म्हणून वरून जाणाऱ्या तारांपासून निदान ३० मीटर दूर बसावे. डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उंदरांच्या मुत्रातून होणारा लेप्टो मुंबईकरांना सांगायला नको, आणि तो या काठांवरही होतो.

सूर्य सव्वाचारला मावळला आणि पहिल्या जागेवर परतल्यावर दहाच मिनिटांत दोरा बोटावर ताणला गेला. चब पावणेचार पौंडांचा भरला. गोठलेल्या जमिनीवर मासा ठेवला तर त्याची त्वचा आणि डोळे दुखावतात, म्हणून चटई आधी नदीच्या पाण्याने भिजवली होती. गळ चिमट्याने काढला. चबच्या घशात चिरडणारे दात असतात, तेथे बोट घालू नये. २० सेंटिमीटरपेक्षा मोठा चब घरी नेणे नियमाने मना आहे. जाळी प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरली आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत, अंदाजे दोन मिनिटे, तशीच धरून ठेवली.