ताटाची डावी बाजू

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कँटीनमध्ये पोऱ्याने ताट समोर आपटलं आणि माझा हात आपोआप ते फिरवायला गेला. कोशिंबीर उजवीकडे आली होती. खणांचं स्टीलचं ताट ते, कुठूनही जेवा. पण डाव्या अंगाला कोशिंबीर नसली की मला घास जात नाही. समोरचीने विचारलंच, "वास्तुशास्त्र का गं?"

खूळ नौपाड्यातलं आहे. आमच्या चाळीत सणाला पंगत बसली की डावी बाजू वाढायचं काम पोरांचं. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. भाजी-आमटीचं पातेलं आमच्या हाती कधी आलं नाही. चटणी बोटाच्या पेराएवढी. कुणी ढीग घातला की आजी मागून ओरडायची, "पाटवडी वाढतोस का रे?" डावीकडचं चवीपुरतं, उजवीकडचं हवं तितकं मागून घ्यायचं. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात याहून वेगळं काय असतं, मला अजून दिसलेलं नाही.

लिंबाचंही तेच. पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. आजीचं म्हणणं एवढंच, "पिळ, चव येते." आता जेवणावर लगेच कटिंग मारायची आपली रीत बघा. चहातलं टॅनिन तेच लोह अडवून धरतं. ही रीतही आपलीच. मी सोडलेली नाही.

पावसाळा लागला की आजी जांभळी नाक्यावरून टाकळा आणायची. रानातून खुडून आणणाऱ्या बायका टोपली घेऊन बसायच्या, त्यातलीच एक तिची ठरलेली. पिशवी आली की दुपारभर पानं खुडत बसायचं. कोवळी तेवढीच घ्यायची, देठ टाकायचे. एवढा मोठा भारा, शिजून कढईच्या तळाशी जायचा. वर ओलं खोबरं.

आधी पुरुष, मग पोरं, मग बायका. आजीच्या वाट्याला टाकळा चमचाभर, भात मात्र पोटभर उरलेला. ती कढईतच भात कालवायची, लिंबाची पिळलेली सालं पुसून घ्यायची. डावी-उजवी बाजू असायला तिचं ताटच मांडलेलं नसे. डॉक्टरांनी लोहाच्या लाल गोळ्या लिहून दिल्या तेव्हा म्हणाली, "वयाने होतं तसं."

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के ॲनिमिक निघाल्या. म्हणजे वयाने नव्हे.

आमच्याकडे आता सगळे एकत्रच जेवतो. म्हणजे नवरा आणि लेक बसतात, मी म्हणते, "सुरू करा, शेवटच्या दोन पोळ्या टाकून आलेच." माझंही हिमोग्लोबिन मागच्या वेळी दहाच्या आत आलंय.