डेट्रॉइटच्या डूलांसाठी अनुदान मिळवताना : माझा अनुभव

अमेरिकेत गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत आई दगावण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गोऱ्या स्त्रियांच्या तिपटीहून जास्त आहे. २०२३ चे सरकारी आकडे असे : एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय ५०.३, गोऱ्या १४.५. वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचं प्रमाण २०२२ मध्ये हजारी १०.९ आणि ४.५ होतं. गरिबी किंवा अशिक्षितपणाकडे बोट दाखवून हे झटकता येत नाही. सीडीसी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या २०१९ च्या अहवालात पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं मातामृत्यूचं प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट निघालं होतं. शॅलन अर्विंग ही कृष्णवर्णीय बाई तर सीडीसीतच साथरोगतज्ज्ञ होती. २०१७ च्या जानेवारीत, बाळ तीन आठवड्यांचं असताना त्या गेल्या. बरं वाटत नाही म्हणून त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे जात होत्या.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहते आणि अकाउंटंटचं काम करते. शहराच्या पूर्व भागात कृष्णवर्णीय डूलांचा एक छोटा गट आहे. डूला म्हणजे प्रशिक्षित सोबतीण. ती औषध देत नाही, तपासणी करत नाही. गरोदरपणात, कळांच्या वेळी आणि नंतर घरी येऊन बाईच्या पाठीशी उभी राहते. या गटाला स्थानिक प्रतिष्ठानाच्या सामुदायिक निधीसाठी अर्ज करायचा होता आणि हिशेबाची बाजू बघणारं कुणी नव्हतं. ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. गटाच्या प्रमुख बाई सत्तरीच्या आसपासच्या. त्यांच्या नावाआधी सगळे ‘मिस’ लावतात, तशी मीही लावते.

पहिला अडसर म्हणजे अर्ज कोणाच्या नावाने करायचा. गटाकडे धर्मादाय संस्थेचा ५०१(सी)(३) दर्जा नव्हता आणि तो मिळायला बरेचदा महिने लागतात. तोवर नोंदणीकृत मोठ्या संस्थेच्या छत्राखाली पैसे घेता येतात. ती संस्था मिळालेल्या रकमेतून काही टक्के कापून घेते, आणि ते रास्तही आहे, कारण हिशेबाची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर असते. पण करारात दोन गोष्टी लेखी हव्यातच : किती टक्के कापणार, आणि बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे सोडणार. आम्ही दुसऱ्या कलमासाठी अडून बसलो. संस्थेचा करक्रमांक (ईआयएन) आयआरएस या केंद्राच्या कर खात्याकडून फुकट मिळतो. केंद्राच्या अनुदानासाठी लागणारी सॅम डॉट गव्हवरची नोंदणीसुद्धा फुकट असते. तरी यासाठी पैसे उकळणारे दलाल भरपूर आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

मग अंदाजपत्रक. बायकांनी पेट्रोल धरलं होतं, डायपर, बाळाच्या कार सीट धरल्या होत्या. स्वतःचं मानधन कुठेच नव्हतं. “आपल्याच लेकीबाळींचं करतो, त्याचे पैसे कसे मागायचे?” असं मिस म्हणाल्या. मला ते पटलं नाही. रात्री दोनला उठून जाणाऱ्या बाईला दिवसा दुसरी नोकरी करावी लागत असेल, तर ती हे काम किती वर्षं करू शकेल? आमच्या मिशिगन राज्यात २०२३ च्या जानेवारीपासून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, डूलांना पैसे देतं. सुरुवातीला प्रसूतीच्या सोबतीचे ३५० डॉलर होते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते १५०० झाले. सरकारने मान्य केलेला दर हाताशी आल्यावर मानधनाचा रकाना बिनदिक्कत भरता आला. मेडिकेड भेटींचे आणि प्रसूतीचे पैसे देतं. मध्यरात्रीच्या फोनचे, औषधाच्या दुकानापर्यंत सोडण्याचे, नव्या डूलांना तयार करण्याचे देत नाही. तो सगळा खर्च आम्ही या अर्जात धरला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर : ‘तुमच्या कामामुळे बालमृत्यू किती कमी होतील?’ गट वर्षाला साधारण ४० बायकांना सोबत करू शकतो. हजारी १०.९ हे प्रमाण धरलं, तर ४० जन्मांत अपेक्षित मृत्यू अर्ध्याहूनही कमी. एक बाळ गेलं तर आमचं प्रमाण हजारी २५, म्हणजे देशातल्या कृष्णवर्णीय बाळांच्या प्रमाणाच्या दुपटीवर जाणार, एकही गेलं नाही तर शून्य. आणि दोन्हींवरून काम चांगलं की वाईट हे ठरत नाही. हे गणित मी अर्जातच मांडलं. त्याऐवजी जे खरंच मोजता येतं ते दिलं : तपासणीच्या किती तारखा पाळल्या गेल्या, रक्तदाब मोजायचं यंत्र किती घरांत पोचलं आणि वापरलं गेलं, प्रसूतीनंतरची तपासणी झाली का, सहा आठवड्यांनी बाळ अंगावर पितंय का. छोट्या संस्थांकडून मृत्यूचे आकडे मागणं अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे. असे आकडे मोठ्या हॉस्पिटलांना दाखवता येतात, म्हणून पैसाही तिकडेच वळतो.

निवड समितीच्या भेटीत एकाने विचारलं, वैद्यकीय पदवी नसलेल्या बायकांनी असा कितीसा फरक पडणार? मी गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मिसनी लगेच पुढचं सांगितलं. गडचिरोलीत दवाखाना लांब होता. आमच्याकडे हॉस्पिटल गाडीने दहा मिनिटांवर आहे, पण तिथे आमची पोरगी ‘डोकं फार दुखतंय’ म्हणाली तर तिला घरी पाठवतात. ते रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. डूला शेजारी असली की ती म्हणते, आधी रक्तदाब बघा. त्यानंतर समितीने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

मंजुरी आली, पण अट अशी की आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग पैसे मिळणार. ज्यांच्या खात्यात महिन्याचं भाडंही शिल्लक नसतं, त्यांना ही अट म्हणजे नकारच. आम्ही महिन्यागणिक खर्चाचा तक्ता करून पाठवला आणि पहिल्या तिमाहीची रक्कम आगाऊ मागितली. ती मिळाली. मला वाटतं, बहुतेक छोटे गट हे मागता येतं हेच जाणत नाहीत. मंजुरीनंतरही अटींवर बोलता येतं, आणि बोलावंच.

आगाऊ रकमेतून आधी मानधन दिलं, मग रक्तदाबाची यंत्रं घेतली. आता पुढच्या वर्षाचा अर्ज लिहायला घेतलाय. यंदाचा निधी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी थांबतो. २०१७ ते २०१९ मधल्या मातामृत्यूंचा राज्यांच्या समित्यांनी आढावा घेतला, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते असं दिसलं. आणि निम्म्याहून जास्त मृत्यू प्रसूतीनंतर आठवडा उलटल्यावर, वर्षभरात केव्हातरी झाले होते. मिशिगनमध्ये मेडिकेडचं संरक्षण आता प्रसूतीनंतर १२ महिने मिळतं. म्हणून यावेळी आम्ही बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या भेटींचे पैसे मागतोय, आणि तो खर्च सगळ्यात वरच्या ओळीत लिहिलाय.