काकूंचं चूर्ण आणि सोनोग्राफी

सोमवार, रात्री

आयुर्वेदाच्या पदवीची, बीएएमएसची साडेचार वर्षं, वरची इंटर्नशिप आणि आता प्रसूतितंत्र-स्त्रीरोगातलं एमएस. एवढं शिकूनही सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रश्न विचारण्यात.

आज ओपीडीत एक काकू आल्या. पाळी बंद होऊन वर्ष केव्हाच उलटलंय, आणि आता पुन्हा डाग दिसतोय. "एखादं चूर्ण द्या, थांबेल." मी सोनोग्राफी लिहून दिली, गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं तर बायोप्सीही करावी लागेल, हेही सांगितलं. काकू चिडल्याच. "हे सगळं टाळायलाच तर तुमच्याकडे आले ना!" त्यांचा राग मला पटतो. पण रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव म्हटल्यावर गर्भाशयाचा कर्करोग नाही ना, हे आधी बघायचं. लोध्र, अशोक ही औषधं कुठे पळून जात नाहीत. शेवटी मुलीला फोन लावून दिला, तेव्हा तयार झाल्या.

नंतर एक मुलगी, पाळीत कंबर-पोट असह्य दुखतं म्हणून. बोलता बोलता कळलं, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह धड नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, लघवी दाबून ठेवते. मलावरोध तर कायमचाच. चरकांनी आपल्या संहितेत, चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद, म्हणजे स्त्रीरोग, सांगितल्या आणि वाताशिवाय योनी दूषित होत नाही असं ठणकावलं. मल, मूत्र, आर्तव (पाळीचं रक्त), तिन्ही खाली नेणारा वाताचा प्रकार तो अपान. वेगधारण, म्हणजे लघवी-शौच दाबून ठेवणं, म्हणजे त्याचीच वाट अडवणं. परीक्षेसाठी हे घोकलं होतं. आज समोर खुर्चीत बसलं होतं. बस्ती (औषधी एनिमा) पुढे बघू, आधी पाणी, कोठा आणि वेळेवर जेवण. वेदना एवढी आहे म्हणून एंडोमेट्रिओसिसचाही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) विचार टिपून ठेवलाय.

'होलिस्टिक' नावाखाली सगळ्यांना एकच डिटॉक्स पॅकेज विकणाऱ्यांचा मला वैताग येतो. प्रकृती न बघता कसला आलाय आयुर्वेद?

काकूंचा रिपोर्ट परवा. ओपीडीत मीच असणार आहे. बायोप्सी करायची वेळ आली तर त्यांना कुठे पाठवायचं, ते उद्याच मॅडमना विचारून ठेवते.