एसीएफ रीजनल्स: बझर कधी दाबायचा

अमेरिकेतल्या कॉलेज क्विझ बोलमध्ये, म्हणजे दोन संघांच्या बझरवरच्या प्रश्नमंजुषेत, एसीएफ (अकॅडेमिक कॉम्पिटिशन फेडरेशन) रीजनल्स या विभागीय स्पर्धेला खेळाडू फार मानतात, कारण नॅशनल्सची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची, वाट इथूनच जाते. एकच प्रश्नसंच वेगवेगळ्या केंद्रांवर वाचला जातो. म्हणून मॅच संपली तरी प्रश्नांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

एका मॅचमध्ये २० टॉसअप, म्हणजे दोन्ही संघांना खुले असलेले, बझर दाबून उत्तर द्यायचे प्रश्न. बरोबर उत्तराला १० गुण, मग त्याच संघाला ३ भागांचा बोनस, प्रत्येक भाग १० गुणांचा. प्रश्न वाचून व्हायच्या आत चुकलात तर ५ वजा. पण खरा फटका वेगळाच असतो. तुमचा संघ त्या प्रश्नापुरता बाद होतो, समोरचे शेवटचा सोपा धागा निवांत ऐकतात, १० घेतात आणि बोनसही.

धागे अवघडाकडून सोप्याकडे येतात. ओळखीचं नाव कानावर पडताच बझर दाबायचा मोह होतो. त्याआधी नेमकं काय विचारलंय ते पकडा. ‘या लेखकाने’ म्हटलं असताना कादंबरीचं नाव सांगून हातचे गुण घालवणं हे इथे नेहमीचंच!

जाणकार गुणतक्त्यात आधी बोनसची सरासरी, म्हणजे दर बोनसमागे मिळालेले गुण, बघतात, आणि ते योग्यच आहे. तुम्ही मिळवलेला बोनस फक्त तुमच्याच संघाला असतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या वेगाचा तिथे संबंध नाही. भाग साधारण सोपा, मध्यम, अवघड असे असतात. सरासरी १०च्या आसपास अडकली असेल, तर बझरचा वेग नंतर. आधी मध्यम भागांचा अभ्यास.