उडणं राहिलं

दुपारी दाल-बाफले खाल्ल्यावर माणसाने मुकाट्याने आडवं व्हावं. मी मात्र एक झिप फाइल उघडून बसलो होतो. तिच्यात होता इंदूरचा विमानतळ, फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी. कुणा हौशी माणसाने घरबसल्या बनवलेला आणि फुकट वाटलेला. ‘खरा विमानतळ रिक्षाने गाठता येतो,’ असं घरातून कुणीतरी म्हणालं. मी लक्ष दिलं नाही.

सिम्युलेटरवाल्यांना वेगळं सांगायला नको. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सगळं ‘कम्युनिटी’ फोल्डरात टाकायचं. आत लगेच मॅनिफेस्ट आणि लेआउटच्या फाइली दिसल्या तर ठीक. फोल्डरात फोल्डर आणि त्यात पुन्हा फोल्डर निघाला, की विमानतळ उगवत नाही. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरची तऱ्हा निराळी. तिथे बसवलेल्या पॅकांची एक यादी असते आणि तिच्यात वर कोण, खाली कोण यावर सगळं ठरतं. जमिनीचा पॅक चुकून विमानतळाच्या वर गेला, की इमारती गायब. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी यावरून आमच्या घरात जेवढा खल होतो, तेवढाच मी या यादीवर करतो.

शिवाय नकाशे. हवाई मार्गांची माहिती जगभर दर 28 दिवसांनी बदलते, आणि तीही गुरुवारीच. आत्या असती तर तिने सरळ दत्तमहाराजांना हात जोडले असते.

विमान माझं एअरबस ए-320 निओ, फ्लायबायवायर नावाच्या गटाने बनवलेलं, तेही फुकट. त्यातल्या टॅबलेटमध्ये एक सोय आहे : विमानाला आपण कुठे उभे आहोत हे उमगायला खऱ्याइतका वेळ लागू द्यायचा, की झटपट उरकायचं. मी खराच वेळ ठेवतो. मग त्या रिकाम्या मिनिटांत हात शिवशिवतात, आणखी एखादं वरून जोडायचं अ‍ॅड-ऑन उतरवून फोल्डरात जातं. पण सिम्युलेटर तो फोल्डर वाचतो सुरू होतानाच. म्हणजे सगळं बंद करा, पुन्हा चालू करा, बॅटरीपासून श्रीगणेशा.

नवा विमानतळ उगवला एकदाचा. धावपट्टी 07-25, टर्मिनल, दिवे, सगळं जागच्या जागी. कॅमेरा फिरवत शेजारच्या बिजासन देवीच्या टेकडीकडे नेला.

नवरात्रात काका आम्हाला तिथे जत्रेला न्यायचे. दर्शन झालं की पाळण्यांकडे न जाता कडेला उभे राहायचे, तोंड धावपट्टीकडे. चपला हातात, कपाळावर कुंकू पसरलेलं. लांबच्या वाऱ्याच्या मोज्याकडे बघून सांगायचे, ‘आज तिकडून येणार बघ, त्याला हवा समोरून लागते.’ आम्हाला मोजा दिसायचाच नाही. विमान येईपर्यंत जिलबी संपलेली असायची, धाकटी झोपेला आलेली असायची, आणि काकू म्हणायची, ‘अहो, चला आता, टेम्पो मिळणार नाही.’ काका हलायचे नाहीत. विमान त्यांनी सांगितलेल्या बाजूने आलं तर आमच्याकडे वळून भुवया उडवायचे. दुसऱ्या बाजूने आलं तर म्हणायचे, ‘हवा फिरली.’

धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा दहाने भागलेली, 25 म्हणजे साधारण 250 अंश, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की 25 वरच उतरायचं. काकांना आकडे ठाऊक नसावेत. वारा ठाऊक होता. विमानात मात्र ते कधी बसले नाहीत. भाऊबीजेला मुंबईला बहिणीकडे जायचे ते अवंतिका एक्स्प्रेसने.

स्क्रीनवर टेकडी आहे. देऊळ नाही. त्या जागी तीन मजली इमारत उभी आहे, बाल्कन्यांसकट. देवीच्या डोक्यावर फ्लॅट! हे काही चालायचं नाही. देऊळ बसवायचं तर डेव्हलपर मोड चालू करायचा, एसडीके, म्हणजे असं सामान बनवायची अवजारं, उतरवायचं, आधी इमारत हटवायची, मग शिखर कुठून तरी मिळवायचं.

एसडीके डाउनलोडला लावलंय. विमान तिकडे इंजिन बंद करून उभं आहे. राहू दे.