तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाबेसला इतके महिने का लागतात?

व्यापारी मंडळी मला हमखास विचारतात, की तयार सॉफ्टवेअर विकत आणले की त्याच दिवशी चालू होते. मग आमच्या धंद्यापुरता डेटाबेस, म्हणजे साठा, बिले आणि ग्राहक यांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणकातली व्यवस्था, बांधायला इतके महिने कशाला हवेत? प्रश्न रास्त आहे, कारण पैसे त्यांचे जातात आणि तोवर पेढीचा गाडा एक्सेलवरच ओढावा लागतो. प्रोग्राम लिहिण्यात त्या वेळेचा लहान भाग जातो. मोठा भाग जातो तो पेढीत कुणीच कधी बोलून न दाखवलेले नियम वदवून घेण्यात.

मुंबईतला कापडाचा घाऊक व्यापार घ्या. गोदामात माल ताग्यांनी मोजला जातो आणि बिल मीटरवर होते. दोन ताग्यांची लांबी सारखी भरेलच असे नाही. एका ताग्यातून १२ मीटर कापून दिले, तर साठा कितीने घटला? गोदामातला माणूस सांगतो की तागा जागेवरच आहे, हिशेबनीस सांगतो की १२ मीटर गेले, आणि आपापल्या कामापुरते दोघेही बरोबर असतात. आजवर हे एका फोनवर मिटत होते. डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक ताग्याची स्वतंत्र नोंद ठेवायची की मीटरांची नुसती बेरीज, हे टेबल, म्हणजे नोंदींचे तक्ते, आखतानाच ठरवावे लागते. उशिरा लक्षात आले, तर साठा, बिल आणि परत आलेला माल ही तिन्ही कामे पुन्हा उघडावी लागतात.

ग्राहक म्हणजे कोण, हेही असेच. जीएसटीच्या १५ अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४, आणि पुढची १० अक्षरे पॅनची. एकाच पेढीची दुकाने मुंबईत आणि सुरतेत असली, तर पॅन एक आणि जीएसटी क्रमांक दोन. बिलावर ते दोन ग्राहक. उधारी किती वाढू द्यायची हे ठरवताना मात्र शेठ त्यांना एकच धरतात. हा निर्णय प्रोग्रामरने परस्पर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मग जुन्या याद्या येतात. एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलेले असते, आणि ती एकच पेढी की वेगळ्या झालेल्या भावांच्या दोन, हे फक्त जुन्या मुनीमजींना ठाऊक असते. त्यांच्याशेजारी बसून काढलेले दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात, पण दिवाळीच्या हंगामात आणि मार्चअखेरीस त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

म्हणूनच काम हाती घेण्यापूर्वी मी शेठजींकडे एवढेच मागतो, की मुनीमजींचे रोजचे दोन तास आमच्यासाठी मोकळे ठेवा, आणि शेवटी निदान एक महिना जुनी पद्धत व नवी पद्धत शेजारी शेजारी चालवून दोन्हींचे आकडे रोज संध्याकाळी जुळवू द्या.